पंप उतरला की नाना बोलत नसत

जळगावात मला खोली मिळाली ती पाय धुतल्यावर. माझं शिक्षण किती, नोकरी कुठे, गाव कोणतं, यातलं एक अक्षरही घरमालकानं विचारलं नाही. अंगणातल्या नळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पह्यले पाय धवा. बोटांच्या मधून बी." मी चपला काढल्या, पाय धुतले, बोटांच्या मधूनही धुतले. मग त्यांनी एका ओल्या पोत्यावर मला दोनदा पाय पुसायला लावले आणि खालच्या मोठ्या खोलीतून जिन्याकडे नेलं. मला वाटलं, देवघर असणार. पण त्या खोलीत देव नव्हते. एक लांब टेबल होतं, त्यावर पातळ पांढरं कापड होतं आणि कापडाखाली ट्रकच्या इंजिनाचा डिझेल पंप होता. माझ्या खोलीकडे जायचा दुसरा रस्ता नव्हता, त्यामुळे पुढची चार वर्षं मी दिवसातून चारदा पाय धुतले. माझ्या टाचा एवढ्या स्वच्छ पुन्हा कधी राहिल्या नाहीत.

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. घरमालकांना सगळे नाना म्हणत. मूळचे धुळ्याकडचे, अंगानं बारीक, कायम पांढरा लेंगा आणि पांढरं बनियन. इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी, जबर दाबानं डिझेल पुरवतो तो पंप, एवढं एकच काम ते करत. ब्रेक, गिअर, पाटे यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. एकदा माझ्या सायकलची चेन उतरली म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "ते माझं खातं नाही." आणि खरोखरच आत निघून गेले.

पंपात धुळीचा एक कण गेला तर पंप बाद, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. उन्हाळ्यात खिडक्यांना ओली पोती, दारात ओलं पोतं, आणि पाय धुण्यातून सुटका कुणालाच नाही. यावलहून केळीचे ट्रक घेऊन निघालेले राकट ड्रायव्हर, ज्यांना रस्त्यात कुणी आडवं जात नसे, ते नळापाशी रांगेत उभे राहून लेंगे वर धरून पाय धूत. एकानं कुरकुर केली. नाना त्याला म्हणाले, "सासरी जातांना धुतोस ना? आठे तुना जावई बसेल शे." असला नातेसंबंध ड्रायव्हरला काही उलगडला नाही, पण त्यानं पाय धुतले.

ट्रक अंगणात शिरला की नाना त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहत. डोळ्यांनी पाहिलं की कान आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. पाठमोरे, डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून ऐकत आणि निकाल देत. "चौथा जेवस, पन पोट नही भरस." म्हणजे चौथ्या सिलिंडरला डिझेल पोचतं, पण पुरेसं नाही. खोलून पाहावं तर दोष चौथ्यातच निघे. मी शास्त्र शाखेचा माणूस, मला हे पटायचं नाही. मी वही घेऊन दोन महिने त्यांचे निकाल टिपले, एकदा तरी चुकतील म्हणून. मग वही ठेवून दिली आणि गुपचूप त्यांच्याकडून शिकायला लागलो.

एक ट्रकमालक मात्र त्यांना फार दिवस विसरला नसेल. ट्रकमध्ये दुप्पट माल भरायचा, चढ चढत नाही म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल सोडायला लावायचं, ही तेव्हाची सर्रास पद्धत. हा मालक येऊन म्हणाला, "नाना, पंप जरा वाढवून द्या." नाना गोड हसले. त्याला स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि आपल्या बायकोला, काकूंना, वाढायला सांगितलं. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर दही. मालक खूश. तिसरी भाकरी झाली, चौथी झाली. पाचवीला तो नको म्हणाला, नानांनी सहावी वाढली. तो उठू लागला तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवला. सातव्या भाकरीला त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्यानं हात जोडले. "आते उठ आनि स्टँडपर्यंत पळत जाय," नाना म्हणाले. "पळता येत नही? मंग इंजिनले काय सांगस?" स्क्रू त्यांनी फिरवला नाही तो नाहीच.

पण नानांचा खरा चक्रमपणा निराळाच. पंप उतरवताना पहिला बोल्ट सैल झाला की नाना बोलायचे थांबत, ते इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत. मध्ये दोन दिवस गेले तरी मौन. जेवताना मौन, पाहुणे आले तरी मौन. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "बोलता बोलता मानूस मोजाले चुकस." बस, एवढंच. काकूंनी या मौनाची सोय करून घेतली होती. वादाचे सगळे विषय त्या नेमके त्याच वेळी काढत. "आठ दिवस माहेरी जाऊ ना? नाही म्हणत नाहीत, म्हणजे हो." नाना तोंड दाबून हातवारे करत आणि काकू पिशवी भरत. इंजिन सुरू व्हायच्या आत त्या एसटीत बसलेल्या असत.

या हसऱ्या माणसाच्या मनात एक ठसठस होती, ती मला काकूंकडून कळली. नानांची थोरली बहीण, अक्का, जामनेरला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं. सहा वर्षांपूर्वी अक्कांच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. लग्नाच्या सकाळी कुणाचा तरी ट्रक अडला आणि नाना 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गेले. पहिला बोल्ट सैल झाला आणि मग त्यांना जगाचा विसर पडला. मुहूर्त आला तरी मामा येईना, तेव्हा अक्कांनीच भटजींना सांगितलं, "सुरू करा." एक चुलतभाऊ मामा म्हणून उभा राहिला. त्या दिवसापासून सहा वर्षं अक्का नानांशी बोलल्या नव्हत्या.

आणि आता धाकटीचं लग्न निघालं होतं. पत्रिका आली, भाचा घेऊन आला, सोबत निरोप होता: मामा म्हणून मुहूर्ताला उभा राहणार असशील तर ये, नाही तर येऊच नको. नानांनी आठ दिवस आधी काम बंद केलं. लाकडाच्या भुशानं आणि लिंबानं हात घासून घासून नखं गुलाबी केली. नवा लेंगा, नवा सदरा, टोपी. आणि मला म्हणाले, "तूबी चल. मले धरून ठेवाले कोनी तरी पाह्यजे. ट्रकचा आवाज आला की मले पकड." मी हसलो. ते हसले नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही जामनेरला पोचलो. काकू आधीच गेल्या होत्या. अक्कांनी भावाला पाहिलं, मान हलवली आणि आत गेल्या. रात्रभर नाना कुशी बदलत होते. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला एक माणूस एसटीतून उतरून धापा टाकत मांडवात आला. "पहूरच्या स्टँडपुढे वऱ्हाडाची गाडी बंद पडेल हाये. पंप जाम झाला म्हनतात."

मांडवातला प्रत्येक चेहरा नानांकडे वळला. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी आज मामा शे," ते म्हणाले. "मिस्तरी नही."

गलका उडाला. लग्नसराई, गावात रिकामं वाहन एक नाही. गावातला मिस्तरी जळगावला गेलेला. कुणी म्हणालं, नवरदेवाला मोटारसायकलवर आणा. त्यावर निरोप्यानं दुसरा निरोप सांगितला, तो व्याह्यांचा होता: "वऱ्हाड जाई तं बठ्ठं जाई, नही तं कोनी नही." ऐंशी माणसं उन्हात टाकून नवरदेव एकटा पुढे गेला असता तर व्याह्यांना जन्मभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत कुणी बदलू शकलं नसतं.

मग अक्का बाहेर आल्या. हळदीचे हात, डोक्यावर पदर. गर्दी बाजूला झाली. त्या सरळ नानांसमोर येऊन उभ्या राहिल्या. सहा वर्षांनी आता या काय बोलणार म्हणून मी पुढे सरकलो.

"किती येळ लागी?" अक्कांनी विचारलं.

नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण उत्तर मिस्तरीचं होतं. "दुसरा पंप भेटी गया तं काढाले आर्धा तास, बसाडाले एक."

"मंग आठे काय करी ऱ्हायना?"

"अक्का, मागलासारखंच व्हयनं तं?"

"मन्या दोन आंडेरी, दोन पोरी," त्या म्हणाल्या. "दोन्हीसले मामा नही, असं व्हवाले नको. जाय. आनि मुहूर्तले ये."

"येसू," नाना म्हणाले.

आणि मग जी धावपळ झाली ती आठवली की आजही माझ्या अंगात वारं शिरतं. अक्कांच्या घरामागे शेजाऱ्याचा ट्रक उभा होता, गिअरबॉक्स खोलून ठेवलेला, म्हणजे चालवण्याच्या कामाचा नाही. पण इंजिन वऱ्हाडाच्या गाडीसारखंच, सहा सिलिंडरचं, आणि पंप धडधाकट. नानांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, पाय धुतले, मलाही धुवायला लावले, आणि पहिला बोल्ट सैल केला. मौन सुरू. पंप उतरला तो तेवीस मिनिटांत. गुंडाळायला कुणी टॉवेल दिला, नानांनी तो भिरकावला, कारण त्याचे तंतू सुटतात. शेवटी आहेराच्या ढिगातलं कोरं धोतर मिळालं. पाहुण्यांपैकी एकाची मोटारसायकल घेतली. मी पुढे, मागे नाना, मांडीवर पंप तान्ह्या बाळासारखा धरलेला. बोलायचं नाही, म्हणून ते माझ्या पाठीवर थापा मारत. एक थाप म्हणजे खड्डा, दोन म्हणजे पळव. पहूरपर्यंत त्यांनी बहुतेक दोनच मारल्या.

पहूरला रस्त्याकडेला वऱ्हाड पांगलं होतं. बाया लिंबाखाली, पोरं ट्रकखाली, नवरदेव बाशिंग मांडीवर घेऊन टूलबॉक्सवर. नाना कुणालाही रामराम न करता टाकीपाशी गेले. झाकण काढलं, आत बोट बुडवलं, वास घेतला आणि तेच बोट व्याह्यांच्या नाकाखाली धरलं.

व्याही दचकले. मग त्यांचा चेहरा उतरला. "आरे बाप रे! ते गॅसबत्त्यास्नं पिंप व्हतं का?"

रात्रीच्या वरातीच्या गॅसबत्त्यांसाठी आणलेलं रॉकेल पहाटेच्या घाईत ट्रकच्या टाकीत गेलं होतं. डिझेलमध्ये पंपाला लागणारं वंगण असतं, रॉकेलमध्ये ते नसतं. जुना पंप तीस मैल कोरडा घासला आणि जागच्या जागी जाम झाला. नानांनी बोटांनीच हुकूम सोडले. दोघे टाकी रिकामी करायला, दोघे कॅन घेऊन डिझेल आणायला. मी इंजिनाच्या माथ्यावरचं, झडपा दाबणाऱ्या दांड्यांचं म्हणजे रॉकरचं झाकण काढायला. नवरदेवानं बाशिंग करवलीकडे दिलं आणि बाह्या सरसावून पाने पुसायला बसला.

इथे माझ्या हातून जे झालं ते सांगतो. नवा पंप बसवण्याआधी इंजिनाचा पहिला सिलिंडर दाबावर आणावा लागतो. चक्रावर एक खूण असते, ती जागेवर आली की झालं, असं वाटतं. पण ती खूण दोन फेऱ्यांत दोनदा जागेवर येते, एकदा खरी आणि एकदा खोटी. कोणती खरी, हे कळायला पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपांचे रॉकर हातानं हलवून पाहायचे. दोन्ही सैल लागले तर खरी. नाना खाली चक्र फिरवत होते, मी वर झडपांवर. खूण आली. नानांनी पान्यानं दोनदा टकटक केलं, म्हणजे बघ. नेमके त्या वेळी व्याही माझं कोपर धरून विचारत होते, "किती वाजता निघू? किती वाजता?" मी त्यांना हातानं थांबवलं, रॉकरकडे नुसतं पाहिलं आणि नानांना होकाराची टकटक दिली. हलवून पाहिलंच नाही.

नानांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पंप बसला. पहिल्या नळीचं तोंड उघडून, चक्र बोटभर बोटभर सरकवत, डिझेलची धार थांबून थेंब सुरू होतो तो क्षण त्यांनी पकडला. थेंब ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. भोवती ऐंशी माणसं, पण चिडीचूप. नळ्या आवळल्या, हवा काढली, ड्रायव्हरनं बटण दाबलं. इंजिन घरघरलं, पांढरा धूर ओकलं, आणि बंद. पुन्हा घरघर, पुन्हा पांढरा धूर. अकरा पन्नास झाले होते.

"वस्ताद म्हने!" व्याही भडकले. "मागला लगीनमा मुहूर्त चुकाडा, आते हाऊ बुडाडस! भाचीनं लगीन शे का खेळ?"

नानांनी वर माझ्याकडे पाहिलं. त्या पांढऱ्या धुरातून त्यांना सगळं समजलं होतं, आणि माझ्या तोंडावरून उरलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी व्याह्यांना ओरडून सांगणार होतो, चूक माझी आहे, यांची नाही. तोंड उघडलं तोच नानांनी खालून पाना वर केला आणि माझ्या हातात खुपसला. मग बोटानं हवेत एक पूर्ण गोल काढला. एक फेरा. शिवी नाही, कपाळावर आठी नाही. व्याही बोलत राहिले, नाना ऐकत राहिले आणि पंपाला इंजिनाशी जोडणारं कपलिंग सोडत राहिले. या वेळी मी दोन्ही रॉकर तीन-तीनदा हलवले. सैल. कपलिंग पुन्हा जोडलं, थेंब पुन्हा मोजले, नळ्या पुन्हा आवळल्या.

बारा वाजून सात मिनिटांनी इंजिन एका हिसक्यात धडधडलं! नाना त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले, डोळे मिटून सहाही ठोके ऐकले, आणि तडाख्यानं वळून ओरडले, "बठ्ठा चढा!"

बाया, पोरं, म्हातारे, वाजंत्री, सगळे चढले. मोटारसायकल कुणाच्या तरी ताब्यात दिली आणि आम्ही केबिनमध्ये बसलो. मी म्हणालो, "नाना, मला बोलू का दिलं नाही?"

"व्याही माझ्यावर रागावले, ते उद्या विसरतीन," नाना म्हणाले. "तुझ्यावर रागावले असते तर आज पंगतीत जिलबी कोन वाढणार होतं तुले?"

ट्रक त्या रस्त्यावर इतका पळालेला मी पाहिला नाही. मागून बाया गाणी म्हणत होत्या, वाजंत्रीवाल्यांनी चालत्या गाडीतच सनई धरली. नाना दर दोन मिनिटांनी माझं मनगट ओढून घड्याळ पाहत. बारा एकतीसला ट्रक मांडवासमोर उभा राहिला. मला नाचावंसं वाटत होतं. आलो! वेळेत आलो!

नवरदेवाला घाईघाईनं पाटावर नेलं. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. मामा नाहीत म्हणून आधीच तयार ठेवलेल्या चुलतभावानं नवरीला मांडवात आणलं होतं, तो तिच्या पाठीशी उभा होता. आणि नाना? नाना घरामागच्या पाण्याच्या टाकीपाशी होते. कोपरापर्यंत हात काळे, बनियन काळं, अंगावर सदरा नाही. साबण घेऊन जिवाच्या आकांतानं हात घासत होते, आणि इंजिनाचं काळं काही निघत नव्हतं. मी सदरा धरून शेजारी उभा होतो. मांडवातून भटजींचा आवाज आला, घटका भरली, मुलीच्या मामांनी नीट उभं राहावं, सावधान. नानांचे हात थांबले. साबण तसाच मुठीत धरून ते खाली बसले. "गया," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. "थांबा!"

भटजी म्हणाले, "अहो अक्का, बारा पस्तीस झाले. मुहूर्त जातोय."

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "मना भाऊले येऊ द्या."

व्याही काहीतरी बोलायला उठले होते, ते पुन्हा खाली बसले, हे मला मागून कळलं. अक्का मांडवातून निघून, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, मागे टाकीपाशी आल्या. त्यांनी नानांच्या मुठीतून साबण काढून घेतला, पदर खोचला आणि लहानपणी धुतले असतील तसे त्यांचे हात धुवायला लागल्या. एकेक बोट धरून. बोटांच्या मधूनही. नाना रडत होते आणि अक्का त्यांना रागावत होत्या, सहा वर्षांचं सगळं एकदम रागावत होत्या. मांडवात लोक मुठीत अक्षता घेऊन उभे होते. बारा पस्तीस होऊन गेले, बारा चाळीसही होऊन गेले. मग मी सदरा दिला, नानांनी तो घातला, अक्कांनी त्याची वरची गुंडी लावली आणि भावाला दंडाला धरून आत नेलं. चुलतभाऊ आपणहून बाजूला झाला. नाना भाचीच्या पाठीशी उभे राहिले. अक्कांनी ओले हात लुगड्याला पुसले, ताटातल्या अक्षता उचलल्या आणि भटजींना म्हणाल्या, "हां. आते म्हना."